ई-सात म्हणजे जाळ नाही

निवृत्त मास्तरला आमच्याकडे दोनच कामं मिळतात. एक म्हणजे लोकांच्या लग्नपत्रिकेतल्या चुका काढणे, आणि दुसरं एखाद्या संस्थेचं सचिव होणे. पहिलं काम मी आवडीनं करत होतो, तेवढ्यात दुसरं गळ्यात पडलं. हिंगणघाटहून अल्लीपूरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव आहे आणि गावाच्या तोंडाशीच दूध संस्था आहे. तिचे संचालक अकरा. त्यातले नऊ माझे विद्यार्थी. दाब आणि तापमान यांतला फरक ज्यांना मी टेबलावर छडी ठेवूनही समजावू शकलो नाही, ते आता बॉयलर विकत घेत होते.

आमच्या संस्थेत सगळं वाफेवर चालतं. दूध तापवायचं वाफेवर, खवा आटवायचा वाफेवर, कॅन धुवायचे ते वाफेनंच. जुना बॉयलर पऱ्हाटीवर चालायचा. कापूस वेचून झाला की उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या आवारात येऊन पडायच्या आणि आमचा मिस्त्री त्या बॉयलरच्या तोंडात सारत बसायचा. बावीस वर्षं त्यानं हेच केलं. त्याच्या डाव्या भुवईचे केस जळून गेले ते परत आलेच नाहीत. आवाजावरून त्याला वाफ किती धरली ते कळायचं. काट्याकडे तो कोणी तपासायला आलं तरच बघायचा. शाळेत तो सातवीपर्यंत गेलेला, तोही समुद्रपूरकडे कुठेतरी. माझ्या हाताखालून गेलेला नव्हता, त्यामुळे त्याच्या डोक्याबद्दल माझं मत वाईट असायला काही आधार नव्हता. तरी ते वाईट होतं.

मग नवा बॉयलर आला. डिझेलवरचा, निळ्या रंगाचा, पुढे काचेची पाटी आणि तिच्यावर लाल आकडे. बटण दाबलं की पंखा सुरू होतो, ठिणगी पडते, जाळ धरतो, सगळं आपोआप. अध्यक्षांना तर तो बॉयलर म्हणजे आपल्याच घरचा जावई वाटायचा. पांढरे कपडे घालून रोज सकाळी त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचं, हा कार्यक्रम महिनाभर चालला. बॉयलर बसवला त्या आठवड्यात सभा झाली आणि त्यात अध्यक्ष म्हणाले, "मशीन नवी अन् मिस्त्री जुना. मिस्त्रीच्या हातून पयला बिघाड झाला का कोर्स केलेला मानूस आनू. मिस्त्रीले कॅन धुवाले लावू." सगळ्यांनी माना डोलावल्या. हा ठराव मी माझ्या वळणदार अक्षरात कार्यवृत्तात उतरवून घेतला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मिस्त्री दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला.

"सर, बावीस वर्सात माह्या हातून बॉयलर एक दिस बंद नाई पडला," तो म्हणाला. "मले काढा म्हनत नाई मी. पन कॅन धुवाले नोका लावू. तिथं रोजंदारीच्या बाया बसते. मी त्याइच्यात जाऊन बसलो तं गावात तोंड कसं दाखवू?"

"बिघाड झाला तर ना," मी म्हणालो. "पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चालव. काही होत नाही."

पुस्तक म्हणजे बॉयलरबरोबर आलेली पुस्तिका. ती माझ्या घरच्या कपाटात, कुलपात होती. आमच्याकडे कुलपात ठेवलेल्या वस्तूला आपोआप किंमत चढते. मिस्त्रीनं ती एकदा पाहायला मागितली होती, चित्रं बघतो म्हणून. मी म्हणालो, तुला काय कळणार त्यातलं.

दसऱ्याला आमच्या संस्थेत यंत्रांची पूजा असते. ही पूजा काय प्रकरण आहे ते सांगितलं पाहिजे. वर्षभर ज्या यंत्राला कोणी फडकं लावत नाही, त्याला त्या दिवशी पुसून, धुवून, हार घालून नारळ फोडतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लाथा मारतात. मी या सगळ्याकडे वरून बघणारा माणूस. पूजेवर माझा विश्वास नाही. मानावर आहे. गावात सगळ्यात शिकलेला आणि वयानं मोठा म्हणून टिळ्याचं ताट माझ्या हातात देतात, आणि ते दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेलं मला चालत नाही.

मिस्त्री मात्र पूजा खरी करायचा. त्यानं पहाटेच गोणपाट अंथरून बॉयलरचे निघण्यासारखे भाग काढून ओळीनं मांडले होते. पंख्याची जाळी, दोन-तीन झाकणं, नट आवळायचे पाने, आणि एक बोटाएवढी नळी, जिच्या टोकाला काचेचा मणी चमकत होता. लोखंडावर टिकावं म्हणून कुंकू तेलात कालवलेलं होतं. मी ताट घेऊन एकेका वस्तूला टिळा लावत गेलो. अध्यक्षांनी स्वतः बॉयलरच्या अंगावर हाताएवढं स्वस्तिक काढलं. काचेचा मणी मला आवडला. त्याच्यावर मी अंगठ्यानं चांगला ठसठशीत टिळा टेकवायला गेलो, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "सर, त्याले राहू द्या."

"काऊन? त्याच्यात देव नाही का?" मी म्हणालो.

सगळे हसले. मी विनोद केला की नऊ जण हसतातच, ती सवय त्यांना शाळेपासून आहे. मी टिळा लावला. मिस्त्री त्या नळीकडे बघत राहिला. मग त्यानं ती उचलली आणि होती तशी जागच्या जागी बसवली. ताट ठेवून आम्ही सोनं वाटायला आणि शिरा खायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला बोलावणं आलं, बॉयलर चालत नाही म्हणून. मी पोचलो तेव्हा दुधाचे कॅन रांगेत उभे होते, आणि पाटीवर लाल अक्षरात 'ई' आणि पुढे सात. भोंगा वाजत होता. मिस्त्रीनं भोंगा बंद केला, लाल बटण दाबलं आणि मला म्हणाला, "पाहा सर." पंखा घुमला. टक् टक् टक् ठिणगी झाली. समोरच्या छोट्या काचेच्या भोकातून आत भप्पकन उजेड झालेला मलाही दिसला. सहा-सात सेकंद गेले आणि सगळं मेलं. पुन्हा भोंगा, पुन्हा ई-सात.

मी घरून पुस्तिका आणली होती. चष्मा चढवला. त्या पुस्तिकेत तीन भाषा होत्या आणि तिन्ही सारख्याच अगम्य. चिनी अक्षरं मला येत नाहीत हे मी मान्य करतो. पण त्यातलं इंग्रजी ज्यानं लिहिलं त्यालाही येत नव्हतं, आणि हिंदी तर कोणी यंत्राकडूनच लिहून घेतलेलं असावं. शेवटच्या पानावर कोडांचा तक्ता होता. ई-सातपुढे लिहिलं होतं की जाळ नाही, आणि त्यापुढे, अधिकृत तंत्रज्ञाला बोलवा, स्वतः उघडू नका.

"जाळ नाही," मी जाहीर केलं. "म्हणजे डिझेल येत नाही."

"सर, जाळ तं लागते," मिस्त्री म्हणाला. "तुमीबी पाह्यला आता."

"ती ठिणगी."

"ठिणगी निळी असते सर. थे पिवळं होतं."

"पुस्तकात लिहिलंय जाळ नाही, म्हणजे नाही. पुस्तक लिहिणारे काय खुळे आहेत?"

 तो हळू आवाजात म्हणाला, "जाळ लागून राह्यला सर, पन मशीनले दिसून नाई राह्यला. याले एक डोळा आहे. मशीन बसवाले आला होता त्यानं सांगतलं होतं, डोळ्याले जाळ दिसला नाई तं हे डिझल बंद करते. मी थो डोळा काढून पुसून पाहू काय? दोन मिनिटाचं काम आहे."

आता इथं मी थांबून सांगतो, की छत्तीस वर्षं मी मुलांना प्रयोग करून पाहा म्हणून सांगितलं. प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर, असं लाल शाईनं लिहून दिलं. आणि ज्या एका माणसानं माझ्यासमोर निरीक्षण करून निष्कर्ष काढला, त्याच्यावर मी सगळ्या दूधवाल्यांसमोर ओरडलो. "हात लावायचा नाही! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय उघडू नका. तुला पुस्तकापेक्षा जास्त कळतं का? गप्प बैस तिकडे."

तो गप्प बसला. पऱ्हाटीच्या जुन्या ढिगावर, गुडघ्यांना हात घालून. त्या वेळी तिथं एकही संचालक नव्हता. ते सगळे दसऱ्याची झोप काढत होते.

तिथून पुढे तीन दिवस जो तमाशा झाला त्यात प्रत्येकाची हुशारी उजेडात आली. पहिल्यांदा कंपनीच्या नंबरवर फोन लावला. एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज आम्ही तिच्यासाठी किती महत्त्वाचे आहोत ते अर्धा तास सांगत राहिला. मग एक पोरगेलासा आवाज आला आणि त्यानं मशीनचा क्रमांक मागितला. क्रमांकाची पट्टी अध्यक्षांच्या स्वस्तिकाखाली गेली होती. ते खरवडायला कोणी तयार होईना. शुभ चिन्ह खरवडायचं तरी कसं? शेवटी खरेदीचे कागद शोधले, त्यात क्रमांक सापडला, आणि त्या आवाजानं माणूस पाठवतो असं सांगितलं. कधी, ते सांगितलं नाही.

मधल्या वेळात एका संचालकानं पाटीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात सतरा निदानं आली. कोणी म्हणालं ई म्हणजे इलेक्ट्रिक, करंटच कमी आहे. कोणी म्हणालं ई म्हणजे इमर्जन्सी, जवळ उभं राहू नका. एकानं लिहिलं की मशीनमध्ये व्हायरस घुसला असेल. हा माझ्याकडे दहावीत दोनदा बसला होता. बसस्टँडवरच्या वायरमनला आणलं, त्यानं अर्थिंगसाठी खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा टाकला आणि वर घागरभर पाणी ओतलं. ई-सात हललं नाही. अध्यक्षांनी नारळ फोडला. ई-सात तेव्हाही हललं नाही. मी डिझेलची टाकी रिकामी करवून गाळून घेतली, नळी बदलायला लावली, आणि दर वेळी जाळ सहा-सात सेकंद लागून विझला, तरी मी जाळ लागतच नाही असं म्हणत राहिलो. आपलं तेच खरं करणारा माणूस कसा दिसतो हे पाहायला आरसा लागतो, आणि आमच्या संस्थेत आरसा नाही.

दूध मात्र थांबत नाही. कोजागरी चार दिवसांवर आली होती. हिंगणघाट आणि वर्ध्याच्या कॉलन्यांमधून दुधाच्या मोठ्या मागण्या लिहून घेतलेल्या. मिस्त्रीनं आवारात चुली मांडल्या, लग्नाच्या कढया मागून आणल्या आणि जुन्या पऱ्हाट्या पेटवून दूध तापवू लागला. मी त्याला तेवढं तरी कर म्हणालो होतो, जणू मी उपकारच करत होतो. धुरानं त्याचे डोळे लाल झाले. कॅन नीट धुतले जाईनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं बरंच दूध नासलं. नासलेलं दूध नालीत सोडताना बघायला गाव जमलं होतं, आणि जमलेल्या प्रत्येकानं मिस्त्रीकडेच बघितलं. माझ्याकडे बघून लोकांनी नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. आला म्हणजे हमरस्त्यावरच्या जाम गावाच्या चौकात उतरला आणि तिथूनच फोन केला, की मी इथपर्यंतच येणार होतो, आता गाडी पाठवा. अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन गेले. त्याला जामच्याच धाब्यावर जेवायला घातलं, कारण तो उपाशीपोटी मशीन बघत नाही म्हणाला. दुपारी दोनला तो बॉयलरसमोर आला. मी पुस्तिका घेऊन पुढे झालो आणि ई-सातचा अर्थ सांगायला लागलो. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. बाजूला हात घातला, ती बोटाएवढी नळी ओढून बाहेर काढली, उजेडात धरली आणि मोठ्यानं हसला.

"अरे भाई, मशीन की आँख में किसने टीका लगा दिया?"

काचेवर तेलकट कुंकवाचा थर सुकून बसला होता. त्यात माझ्या अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. हे मी नंतर कल्पनेनं जोडलेलं नाही. रेषा खरोखर दिसत होत्या. त्यानं रुमालाला थोडं डिझेल लावून काच पुसली, नळी बसवली, बटण दाबलं. भप्प. दहा सेकंद, वीस सेकंद, मिनिट. पाटीवरचा लाल आकडा गेला आणि वाफेचा काटा हलायला लागला. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालणाऱ्यांत सगळ्यात पुढे मी.

अध्यक्ष मिस्त्रीकडे वळले. "तुले अक्कल आहे काय बे? डोळ्यात कुंकू भरलं? तीन दिस झाले गाव बोंबलून राह्यलं, अन् तू चुली पेटवून राह्यला?"

मिस्त्री खाली बघत उभा होता. त्यानं माझ्याकडे एक नजरही टाकली नाही. टाकली असती तर मला बरं वाटलं असतं, कारण मग मी त्याच्यावर चिडू शकलो असतो.  मी पुस्तिका घडी करून पिशवीत ठेवली.

त्या रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "मिस्त्रीले काढून राह्यले म्हनते, खरं आहे काय?"

"काढत नाहीत. कॅन धुवायला लावतील."

"अन् कुंकू तं तुमीच लावलं होतं. मी होती ना तिथं, शिऱ्याचं पातेलं घेऊन. थो नोका लावू म्हनत होता अन् तुमी सारे हसले."

मी भाकरी मोडत राहिलो. ती म्हणाली, "लोकाइच्या पोराइले खरं बोला म्हनून छड्या मारल्या. आता स्वतः बोला." आणि आमटी वाढून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर चालू करायच्या आधी मी मिस्त्रीला गाठलं आणि विचारलं, की तुला कळलं होतं तर तू गुपचूप पुसून का टाकलं नाहीस. तो खरोखर गोंधळला. "तुमच्या हातचा टिळा सर," तो म्हणाला. "सनाच्या दिवशी मोठ्या मानसानं लावलेला. तुमाले इचारल्याबिगर कसा पुसू? म्हनून तं इचारलं." मला त्या माणसाचा भयंकर राग आला. एवढा मान देणाऱ्या माणसाचा राग येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

कोजागरी पार पडली. दूध पोचलं, लोकांनी चंद्र बघितला, केशर घातलेलं दूध प्याले आणि संस्थेची वाहवा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सभा होती. विषय एकच, मिस्त्री. मी रात्रीच ठरवलं होतं आणि ठरवलेलं बोलायला मी उभा राहिलो. गुडघे दुखत होते तरी उभा राहिलो, कारण बसून कबुली देणं मला बरोबर वाटेना.

"मिस्त्रीची चूक नाही," मी म्हणालो. "काचेवर कुंकू मी लावलं. माझ्या अंगठ्यानं. तुम्ही सगळे तिथं होता."

 मला वाटलं, आता कोणी तरी शिवी देईल, आणि द्यावी अशी माझी खरीच इच्छा होती. अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

"पाह्यलं?" ते बाकीच्यांना म्हणाले. "याले म्हनते गुरू. अडान्याची चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यले. या वयात!"

"अरे, मी अंगावर घेत नाही," मी म्हणालो. "मी लावलं. खरंच मी लावलं."

"हाव सर, हाव," दुसरा म्हणाला. याला मी भिंगाचे प्रकार शिकवले होते. "आमी तुमाले ओळखत नाई काय? विज्ञानाचा मानूस काचेवर कुंकू लावन काय? तुमच्या मनात दया आहे, म्हनून तुमी असं बोलून राह्यले."

मी तिसऱ्यांदा सांगितलं, जरा आवाज चढवून. आवाज चढवला तसं माझं मन त्यांना आणखी मोठं वाटलं. कोणी तरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. पूजेला हे सगळे हजर होते, माझ्या विनोदाला हसले होते, आणि तरी त्यांना आठवत नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, संस्थेच्या वार्षिक सभेत सरांना शाल-श्रीफळ द्यायचं. तो ठराव एकमतानं पास झाला. मग दुसरा ठराव, की बॉयलरवर कोर्स केलेला माणूस नेमावा आणि मिस्त्रीला कॅन धुण्याच्या कामावर पाठवावं. तोही एकमतानं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी असते, फक्त इथं चोराला शालही मिळाली.

दोन्ही ठराव मीच लिहिले. हात थरथरला असं मी लिहिणार होतो, पण नाही थरथरला. आणि आता लिहायलाच बसलो आहे तर हेही सांगतो, की टाळ्या वाजत होत्या तेव्हा मला आतून गोड वाटलं. अर्धं मिनिट असेल. मला माझ्या मोठेपणाचं कौतुक ऐकू येत होतं आणि मी खरं बोलत असतानाच ते खोटं कौतुक चवीनं ऐकत होतो. स्वतःची एवढी किळस मला त्याआधी आली नव्हती आणि त्यानंतर वारंवार येते.

सभेनंतर मी मागच्या आवारात गेलो. मिस्त्री कॅन धुण्याच्या नळाशी होता. त्यानं आजपासूनच काम सुरू केलं होतं, सांगायची वाटही बघितली नव्हती. बाया एका बाजूला, तो जरा लांब, पाठ रस्त्याकडे करून बसलेला. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचं तोंड दिसू नये अशी त्यानं जागा धरली होती. मी जवळ गेलो तसा तो उठून उभा राहिला. हात ओले होते, ते पॅन्टला पुसले.

"आयकलं म्या सर," तो म्हणाला. "खिडकीतून आयकू येते सारं. तुमी खरं सांगतलं."

"कोणी मानलं नाही रे," मी म्हणालो. "तीनदा सांगितलं."

"हाव. कुंकवाचं काई नाई सर. कुंकू तं कोनाच्याबी हातून लागते, सन होता. त्याचा मले राग नाई. पन पयल्या दिवशी म्या तुमाले इचारलं होतं, डोळा पुसून पाहू काय म्हनून. तुमी हात नोको लावू म्हनले अन् मले गप्प बसवलं. थे सभेत काऊन नाई सांगतलं?"

तो रागानं विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तराची वाट पाहून त्यानं पुढचा कॅन ओढला, आडवा केला आणि आत हात घालून घासू लागला. 

मला ते सांगायचं सुचलं नाही असं नाही. रात्री ठरवताना दोन्ही गोष्टी समोर होत्या, आणि त्यातली एकच मी उचलली. कुंकू लावलं, ही गमतीत झालेली चूक होती. दुसरी गोष्ट सांगितली असती, तर कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या. "गप्प बैस, पुस्तकात आहे तेच खरं" हे मी म्हणालो असेन, हे त्या सभेत सगळ्यांनी लगेच मानलं असतं.